सरांचा स्वार्थ

सर, बहीण आईला कायमची पुण्याला न्यायचे म्हणते आहे आणि रविवारपर्यंत मला उत्तर द्यायचे आहे. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षे झाली, तरी हे ज्याच्यापुढे मांडावे असे दुसरे माणूस मला सुचले नाही.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी अर्थशास्त्र शिकवताना तुम्ही म्हणालात की कोणीही दुसऱ्यासाठी जगायला बांधील नाही. प्रत्येकाने आपले हित पाहावे, दुसऱ्यावर सक्ती मात्र करू नये. मागच्या बाकांनी तुमचे नाव ‘स्वार्थी सर’ ठेवले. ठेवणाऱ्यांत मी होतो. त्याच उन्हाळ्यात एका सकाळी शंका घेऊन तुमच्या घरी आलो. शेजारी माग खडखडत आहेत. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेल्या काकू स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या आहेत आणि तुम्ही उखळात शेंगाचटणी कुटत आहात. मग हात धुऊन, फणी घेऊन तुम्ही विचारता, “घालू का वेणी?” काकू म्हणतात, “आज नको. लई ओढता तुमी.” तुम्ही फणी खाली ठेवता. नको तेवढ्या हुशारीने मी म्हणालो की इतक्या वर्षांची ही सेवा तुमच्या सिद्धान्तात बसत नाही. तुम्ही चिडला नाहीत.

“सेवा कसली? मला हिच्याजवळ राहायचं आहे, म्हणून राहतो. हा माझा स्वार्थ. वेणी मात्र तिची आहे, म्हणून विचारतो.”

“आणि ह्यांचा स्वार्थ मी सोसते की,” काकू हसून म्हणाल्या.

मी स्तिमित झालो होतो, अजूनही आहे. त्याग करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, आणि ज्याच्यासाठी त्याग झाला तो प्रत्येक घरात ओशाळलेला दिसला. काकू ओशाळलेल्या नव्हत्या. समोरच्याचा नकाराचा हक्क शाबूत ठेवून इतके प्रेम करता येते, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते.

आईचे सगळे मी वेळच्या वेळी करतो, म्हणून शेजारी कौतुक करतात. पुण्यात लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहेत, नात आहे. तरी काल फोनवर मी बहिणीला ठामपणे सांगितले की आईला इथेच करमते. तिने विचारले, “असं आई म्हणाली का?” मी विषय बदलला.

हा कागद कोठेही जाणार नाही, म्हणूनच लिहू शकतो. आई पलीकडच्या खोलीत जागी आहे. मी तिला विचारलेले नाही, सर. ती जाते म्हणेल, अशी मला भीती वाटते.