सगळीकडे चालणारं ॲप

३ मार्च
नोकरी सोडली. ऑफिसातल्या त्या एक्सेल शीट्सची अक्षरशः शिसारी आली होती. आता स्वतःचं ॲप. वेबसाइट बनवतात तसंच बनवायचं, वर खिडकीची चौकट चढवायची, की विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे चालतं. पहिलं गिऱ्हाईक ताई. तिच्या दातांच्या दवाखान्यातल्या अपॉइंटमेंट्ससाठी. बायकोला शब्द दिलाय, ताईकडे नाही चाललं तर गुपचूप जुन्या ऑफिसात परत जाईन. तशी वेळ येणारच नाही.

११ मार्च
बटणाचा रंग ठरला. गोल कोपरे उद्या. घाई करणाऱ्यांची मला किळस येते.

२० मार्च
माझ्या लॅपटॉपवर झकास चालतंय. बायको म्हणाली, एका यादीसाठी एवढं अवजड का? सांगितलं, आत अख्खा ब्राउझर आहे. म्हणाली, मग ब्राउझरच उघड की. यापुढे अडाण्यांशी वाद घालायचा नाही, हा संकल्प.

२८ मार्च, दुपार
ताईकडे ॲप बसवलं. नुसती पांढरी खिडकी, आत काही नाही. तिचा कॉम्प्युटरच भिकार. कीबोर्डला काहीतरी चिकट लागलेलं. विंडोज म्हणजे एक नंबरची घाण. भावोजींचा लिनक्सवाला लॅपटॉप आणला. तिथेही पांढरं. लिनक्सही घाण. ताई म्हणाली, पेशंट तोंड उघडून बसलाय, आवर तुझं.

२९ मार्च
कारण सापडलं. ॲप पेशंटची यादी माझ्या लॅपटॉपवरून मागवतं. आत घातलेला माझ्या लॅपटॉपचा पत्ता बदलायचा राहिला. क्षुल्लक गोष्ट. बदलला, तर नवीन व्हर्जन कुठेच उघडेना. जुनंच बरं. माझा लॅपटॉप ताईकडे नेऊन बसलो. लगेच चाललं. याला ऑन-साइट सपोर्ट म्हणतात.

४ एप्रिल
रोज रिसेप्शनवर बसतोय. चहाला खाली उतरलो की लॅपटॉप झोपतो आणि ताई वरून हाका मारते. फोनही मीच घेतो. गालात कापूस कोंबलेली माणसं काहीतरी पुटपुटतात, माझ्यावर थुंकी उडते. ओकारी येते. पण ॲप चालतंय ना, बस.

७ एप्रिल
दवाखान्याच्या नंबरवर बायकोचा फोन. ॲप चालतंय का? म्हटलं, एकदम मस्त. मग लॅपटॉप घेऊन घरी ये, म्हणाली. म्हटलं, मी उठलो की ते बंद पडतं. मग म्हणाली, तुझ्या जुन्या साहेबांशी बोललेय, सोमवारी जा.

ताईला सांगितलं. तिचा चेहरा पडला. खरं सांगायचं तर बरं वाटलं, कुणाला तरी कदर आहे. मग म्हणाली, ॲपचं जाऊ दे रे, आता फोन कोण घेणार?