कोपरा फाडलेलं कार्ड

९ नोव्हेंबर १९८६, रविवार

पोहोचलो बावा एकदाचा! पांढुर्ण्याच्या फलाटावर संत्र्याच्या पेट्या अशा रचलेल्या की वासानंच अर्धं पोट भरलं. उद्यापासून शाळेत हजर, सातवी-आठवीचं गणित. छिंदवाड्याच्या त्या हेडमास्तरच्या तावडीतून सुटलो, याचाच मोठा आनंद.

खोली देवकाबाईंकडे मिळाली. बाई एकट्या राहतात आणि बोलायला तिखट. पहिल्याच भेटीत बजावलं की ओट्यावर पाय पसरून बसणारा भाडेकरू त्यांना चालत नाही. मी म्हटलं, माझे पाय आखूडच आहेत. हसल्या, मग चहा दिला.

आता हे लिहिताना पानाचा कोपरा फाडून चघळून राहिलो होतो, तर बाईंनी विचारलं, मास्तर, जेवण कमी पडलं काय? विचार करताना कागद चघळायची ही माझी खोड आईच्या मारानंही गेली नाही. बुद्धिबळाच्या डावात तर वहीची वही फस्त होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज लॉटरीच लागली. रघुनाथराव नावाचे निवृत्त मास्तर आहेत, ते इथं टपाल बुद्धिबळ मंडळ चालवतात. चोवीस खेळाडू. कोणी मुलताईचा, कोणी वरुडचा, कोणी सौसरचा. एकमेकांचं तोंड कोणी पाहिलेलं नाही. प्रत्येकानं आपली चाल कार्डावर लिहून मंडळाला पाठवायची, चिटणिसानं ती पटावर मांडायची आणि दुसऱ्या कार्डानं समोरच्याला कळवायची. बारा पट फळीवर मांडून ठेवलेले. बसल्या जागी चोवीस डोकी लढून राहिली, काय मजा आहे!

रघुनाथरावांना आता दिसत नाही. म्हणून बारा पट आणि कार्डांचा गठ्ठा, सगळं माझ्याकडे आलं; माझ्या खोलीचा पत्ता घालून नवा रबरी शिक्काही करायला टाकला. नियम त्यांनी दोनच सांगितले. एकदा पेटीत पडलेली चाल मागं घेता येत नाही. आणि कोणी त्रास देत असेल तर त्याला दोनदा समज द्यायची, तरी ऐकलं नाही तर काढायचं, पण काढल्याचं कार्ड एक दिवस उशाशी ठेवून मग टाकायचं. मी हो म्हटलं. म्हातारी माणसं बोलतातच.

एक जागा रिकामी होती, डाव अर्ध्यावर आलेला, तिथं मी स्वतः बसलो. समोर रामाकोन्याचा कोणी शालिकराम. संत्र्याची बाग आहे म्हणे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

हा शालिकराम म्हणजे एक नंबरचा चावट माणूस. चालीखाली दरवेळी काहीतरी लिहितो. कार्ड उघडं, त्यात आमचे पोस्टमन भैय्याजी पडले हौशी, ते गल्लीच्या तोंडापासूनच मोठ्यानं वाचत येतात. आजचं असं: "मास्तर, तुमच्या घोड्याले नाल ठोका, लंगडून रायला." देवकाबाईंना ठसका लागेपर्यंत हसू आलं. पोट्टे उद्या वर्गात हेच म्हणतील.

मागच्या डावातल्या वरुडच्या वकिलालाही त्यानं लिहिलं की राजाला घरी बसवा आणि तुम्ही संत्री विका. वकिलाची तक्रार आली आहे. मी एक समज पाठवली. गडी सुधारेल असं वाटत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

आज भैय्याजींनी चौकात वाचलं. चौकात! "मास्तर, तीन चालीत मात. गणिताचे मास्तर ना तुमी? मोजून पाहा."

मोजलं. दोनदा मोजलं. खरं आहे. च्यायला, खरं आहे.

अंगाचा नुसता भडका उडाला. एक कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं, "शालिकराम आजपासून संपला." खाली मंडळाचा शिक्का ठोकला. एवढ्यानं समाधान होईना. मग कार्डाचा कोपरा टरकन फाडला. आपल्याकडे मयतीचं कार्ड असंच येतं, वाचता न येणाऱ्यालाही हातात पडताच कळावं म्हणून. ते कोणी घरात नेत नाही, दारातच फाडून टाकतात. म्हटलं, बस आता बोंबलत! फाडलेला कोपरा तोंडात टाकला, चघळत चघळत पेटीपर्यंत गेलो, कार्ड टाकलं आणि कोपरा गिळला. किती दिवसांनी इतकं गार वाटलं.

दुसरी समज नाही की उशाशीबिशाशी काही ठेवलं नाही. पटावरचा त्याचा राजा आडवा केला. बाकीच्यांना कळवलं की शालिकराम शिस्तभंगाबद्दल बाद. तीन चालींचं कोणाला काय घेणं?

६ डिसेंबर, शनिवार

चार दिवस झाले, शांतता. भैय्याजी हिरमुसले आहेत, वाचायला काही नाही म्हणे. वकिलानं आभार मानले. मी एकटाच पटासमोर बसून त्या आडव्या राजाकडे पाहत होतो. चांगली जिरवली बेट्याची.

९ डिसेंबर, मंगळवार

शालिकरामची आई गेली. केसरबाई.

भैय्याजींना रामाकोन्याच्या पोस्टमननं सांगितलं. गुरुवारी कार्ड पोहोचलं तेव्हा शालिकराम संत्र्याच्या ट्रकबरोबर नागपूरला होता, दोन दिवसांपासून. म्हातारी घरी एकटी. तिला अक्षर येत नाही, पण कोपरा दिसला. वाच म्हणाली पोस्टमनला. त्यानं वाचलं, शालिकराम संपला.

म्हातारी खाली बसली आणि अंगणातली माती चाचपायला लागली. एकच सांगत होती म्हणे, कोपरा कुठं पडला तो ढुंढा रे बापहो, जोडून द्या, माहा पोरगा वापस येते. दुपारपर्यंत चाचपत होती. मग तिथंच आडवी झाली. संध्याकाळी शालिकराम आला तो धडधाकट. कार्ड तिच्या मुठीतून निघेना, म्हणून तसंच सरणावर ठेवलं.

मला काय ठाऊक तो घरी नाही? काहून असं वाचावं त्या पोस्टमननं? माझं काय चुकलं?

जेवलो नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

शालिकरामचं कार्ड आलं. भैय्याजींनी आज मोठ्यानं वाचलं नाही. खाली मान घालून हातात दिलं. जसंच्या तसं उतरवतो:

"मास्तर, मायच्या दहाव्याले कावळा शिवे ना. म्या म्हटलं, माय, मी जिता हाव, पाय माह्याकडं. नाही शिवला. बाग विकत नाही म्हटलं, लगन करतो म्हटलं, नाही शिवला. मंग म्हटलं, माय, तुले कोपरा पायजेन ना? तो पांढुर्ण्याच्या मास्तरपाशी हाय. तुह्या हातातल्या कार्डावर त्याचा शिक्का हाय, कोणालेही दाखव, पत्ता सांगतीन. जाय, घेऊन ये. तसा कावळा शिवला. शालिकराम."

शिव्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१८ डिसेंबर, गुरुवार

भैय्याजींनी सहज विचारलं, मास्तर, म्हातारी आली का घरी? सकाळी सावरगावच्या बाजूनं नदी उतरून एक बाई आली, पार चालत आलेली, पाय धुळीनं भरलेले. हातात कार्ड होतं, काळंठिक्कर, जळल्यासारखं. एक कोपरा नव्हता. शिक्का तेवढा साफ वाचता येत होता. त्यांनी आपली गल्ली दाखवली. पत्ता सांगायचं तर कामच आहे ना आपलं, म्हणाले.

मी त्यांच्यावर ओरडलो. बिचारे बघतच राहिले.

१९ डिसेंबर, शुक्रवार

देवकाबाईंनी पाहिलं तिला. भर दुपारी, ओट्यापाशी उकिडवी बसून धूळ चाचपत होती. बाईंनी पाणी दिलं, प्यायली नाही.

शाळेतून आलो तर धुळीत बोटांच्या रेघा. पायरीपासून माझ्या दारापर्यंत.

एका कोऱ्या कार्डाचा कोपरा फाडला आणि दारात दगडाखाली ठेवला. घे बाई, घे आणि जा.

२० डिसेंबर, शनिवार

कोपरा परत आला. दाराला कुलूप होतं — आत, पटावर, आडव्या राजाजवळ ठेवलेला. राखेचं बोट उमटलेलं.

आणि गठ्ठ्यातली कार्डं — सगळ्यांचे कोपरे फाडलेले. चाळीस-बेचाळीस. एकेक लावून पाहिला असेल तिनं. एकही जुळला नाही.

२१ डिसेंबर, रविवार

रघुनाथरावांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, खरा कोपरा कुठं आहे? गिळला म्हटलं. मग विचारलं, तो डाव तू हरत होतास का?

हो म्हटलं.

त्यांनी चाचपत उठून दार लावून घेतलं. मी बाहेर होतो.

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी फळ्यावर गणित लिहीत असताना ओठांवर बोटं आली. थंड, खरखरीत. दात मोजल्यासारखी फिरली. पोट्टे आधी हसले. मग कोणी हसेना.

तसाच मोटारीनं रामाकोन्याला गेलो. शालिकराम अंगणात संत्री निवडत होता. माझ्याच वयाचा, बारीक अंगाचा. पाय धरले मी त्याचे. डाव तू जिंकलास, सगळ्या मंडळाला लिहून कळवतो, पण आईला परत बोलाव. त्यानं एक नासकं संत्रं बाजूला काढलं आणि शांतपणे सांगितलं की मास्तर, नियम तुमचाच आहे, पेटीत पडलेली चाल मागं घेता येत नाही.

परतताना जामसांवलीला उतरायचं ठरवलं होतं, हनुमानाच्या पायाशी पडायचं. उठताच आलं नाही. मांडीवर काहीतरी बसल्यासारखं — जड —

२३ डिसेंबर. सकाळ

पोटात दुखतं. एकाच जागी. बोटाएवढी जागा.

मीठपाणी प्यालो. ओकलो. नाही निघाला.

त्याचा राजा उभा केला. मीच तिन्ही चाली खेळलो. मात. झाली मात, केसरबाई! ऐका —

दुपार

देवकाबाई दारातून म्हणाल्या, तुमच्याकडे पाहुणी आली आहे, आत सोडली. आवाज साधाच त्यांचा.

दार मी लावलं होतं.

ती समोर बसली आहे. कार्ड मांडीवर, सरळ करून राहिली. माझ्याकडे पाहतच नाही. फक्त तोंडाकडे. राग नाही चेहऱ्यावर — आई असते तशी — मूल काही गिळतं तेव्हा — तोंड उघड म्हणते तशी —

माझी चूक झाली. लिहून ठेवतो. मी हरत होतो म्हणून —

उठली.

बोटं जिभेवर — राखेचा वास — जिभेखाली नाही म्हणून आणखी आत — गळ्यात — हात चालतो तोवर लिहितो — मनगटापर्यंत — खाली — पोटात चाचपते, तिला सापड