गोलामागच्या स्टँडचा ढोल

मी, निवृत्त वेल्डर आणि आमच्या फुटबॉल क्लबच्या गोलामागच्या स्टँडचा ढोलवाला, डोकं ठिकाणावर असताना (गुडघ्यांची हमी देत नाही), कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या माघारी काय कोणाला जावं ते लिहून ठेवतो. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. उसंतच मिळाली नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला. गळक्या नळासकट.

२. स्टँडमधली माझी खुर्ची मेव्हण्याला. बायका स्टँडमध्ये आल्या की संघ हरतो, असं तो जन्मभर म्हणत आला. बायका येत नव्हत्या तेव्हाही आपण हरतच होतो, पण त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याने बसून राहावं.

३. ढोल. आमच्याकडे ढोलवाला मैदानाकडे पाठ करून उभा राहतो, तोंड लोकांकडे. त्यामुळे मी गोल पाहिले नाहीत, माणसं पाहिली. पूर्वी पाळी सुटली की कारखान्यातली तरणी पोरं थेट यायची, मागे म्हातारे, शिव्या घालायला. तो आवाज छातीत बसायचा. मग खुर्च्या आल्या, तिकिटं महागली, पोरं यायची थांबली. आता माझ्या वयाची माणसं पांघरूण घेऊन बसतात आणि गोल झाल्यावर टाळ्या वाजवतात. लहान मुलांची किलबिल असते. उरलेले फोन धरून असतात. त्यांचं काही चुकत नाही. पण एकट्याने वाजवून मी फार थकलो आहे.

मुलगा क्लबच्या ऑफिसात आहे. त्याला ढोल काचेच्या कपाटात ठेवायचाय. "बाबा, लोक बघतील तरी," म्हणतो. अरे, ढोल काय बघायची वस्तू आहे?

सून नर्स. गेल्या हंगामात तिने ड्युटीवरून सुटलेल्या मैत्रिणी आणून कोपऱ्यात उभ्या केल्या. रखवालदार म्हणाला, "ताई, बसून घ्या." ती म्हणाली, "दिवसभर उभ्याच असतो हो आम्ही, सवय आहे." आणि सगळ्या गायला लागल्या. पांघरूणवाले आधी वळून बघत राहिले. मग एक म्हातारा उठला, त्याच्यामागे त्याची अख्खी रांग. मी ठेका वाढवला.

सबब ढोल सुनेला. अट एकच, पाठ मैदानाकडे. मुलाने यावरून घरात तोंड फुगवू नये.

४. क्लबने माझ्यासाठी मिनिटभर शांतता पाळू नये. तिथे नव्वद मिनिटं तीच असते. त्या मिनिटाला सुनेने ढोल वाजवावा. कोणी साथ दिली नाही तरी वाजवावा.

सही: ढोलवाला
साक्षीदार: शेजारचा शिंपी (चष्मा लावून वाचलं), स्टँडच्या फाटकावरचा तिकीट तपासनीस
(सून साक्षीला चालत नाही म्हणे, वारस आहे. चहा तिनेच केला.)
स्थळ: स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: हंगामातल्या शेवटच्या सामन्याचा दुसरा दिवस. हरलो.