बिलांच्या पुड्या

सत्यशीला,

तू झोपलीस म्हणून उठवलं न्हाई. बीडला वकिलाकडं निघालतो. नवा कायदा यायचाय म्हणं, मग आपल्यासारख्या म्हाताऱ्यांच्या दवापाण्याच्या खर्चाची सूट माझ्या पेन्शनच्या करात मिळंल का न्हाई, कुणीच धड सांगंना. लई वैताग आलाय.

दवाखान्याची बिलं सांभाळ म्हणलं, तर तू त्यातच गोळ्यांच्या पुड्या बांधून ठेवतीस! बिलं काढायला आत्ता डब्यातल्या पुड्या सोडल्या. सगळ्यात तुझ्याच बीपीच्या गोळ्या. दिवाळीच्या बिलातल्यासुद्धा. मला तर रोज म्हणतीस, घेतली.

सूट जाणार, सूट जाणार, असं मी बडबडत ऱ्हातो म्हणून वाचवतीस व्हय?

वकील ऱ्हाऊ दे. आता डॉक्टरकडंच चाललोय, तुझं काय करायचं ते इचारायला. चुलीपाशी जाऊ नको. मी येईस्तोवर पडून ऱ्हा.

रामकिसन