पाच कलमांना एक गणवेश

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

इंदापूर, मळ्यातून
ता. ९ जून १९९६

चि. सौ. नकोशीस मनिषाअक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि उत्तर आज लिहिते आहे. रागावली असशील, पण माझी धावपळ बघितलीस तर तूच मला चहा करून देशील. वस्तीवरच्या शाळेचे चाळीस गणवेश यंदाही माझ्याकडेच आलेत. गुरुजी म्हणाले, मनिषाताईंसारखी कॉलर बारामतीतल्या टेलरलाही बसवता येत नाही. दुसरीकडे रोपवाटिकेच्या मालकांना डाळिंबाच्या फांद्यांना मुळ्या फोडून कलमं करायच्या दीड हजार गुट्या बांधून देण्याचा शब्द दिलाय. तेही म्हणाले, ताईंनी बांधलेल्या शंभरातल्या पाचसुद्धा वाया जात नाहीत. तुझे दाजी दादासो मात्र मला हसतात. म्हणतात, दोन्ही डगरींवर हात ठेवलास, आता बघू कशी तरतेस. मी त्यांना सांगितलं, आपला हात जगन्नाथ! दिवसाला चार गणवेश शिवते, नाहीतर दीडशे-एकशेसाठ गुट्या बांधते. एवढं करणारी बाई पंचक्रोशीत दाखवा म्हटलं.

वैष्णवी वहिनीच्या पत्रात वाचलं की तुमच्या सुप्याच्या एक एकरात तुम्ही फळबाग धरणार आणि रविरावांनी दोनशे खड्डे खणलेसुद्धा. फार आनंद झाला. रोपांची काळजी करू नकोस, दोनशे कलमं मीच पाठवते. धाकट्या बहिणीला एवढं देणं मला जड नाही.

तुझ्या सासूबाई गोजरमावशींना नमस्कार. आठवण ठेव, एवढंच मागणं.

तुझी,
मनिषाअक्का

* * *

सुपे
ता. १६ जून १९९६

ती. सौ. अक्कास नकोशीचा वाकून नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. तुझं कौतुक वाचून घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. माझी अक्का आहे, मला अभिमान वाटणारच.

पण अक्का, कलमं तशी नकोत. लहानपणापासून तुझी जुनी पाटी, तुझं जुनं दप्तर, तुझी जुनी साडी, सगळं मी हसून घेतलं. आता माझा संसार आहे. सासूबाई परवा शेजारणीला म्हणत होत्या, आमच्या सुनेचं काय, थोरल्या बहिणीच्या जिवावर बाग होणार. मी भाकरी थापत होते, ऐकून घेतलं. त्या वाईट नाहीत, पण बोलल्या ते खरं होतं आणि खरं जास्त लागतं.

म्हणून सावड करू, कामाला काम. आपल्याकडे खुरपणीची सावड खुरपणीनं फेडतात, तशी गुटीची सावड गुटीनं. मी दहा दिवस येऊन तुझ्या बागेत गुट्या बांधते, त्या बदल्यात तू दोनशे कलमं दे. माझा हात तुझ्याएवढा चालत नाही हे मला ठाऊक आहे. बारामतीच्या शिवणक्लासात तू दोन झबली शिवायचीस तोवर माझं एक व्हायचं. तुझ्यापुढे मी कशातच सरस नाही. पण दिवस तर माझेही तुझ्याएवढेच लांब असतात. येत्या गुरुवारी येते, नाही म्हणू नकोस.

माया पातळ करू नये.

तुझी धाकटी,
नकोशी

* * *

इंदापूर
ता. १२ ऑगस्ट १९९६

चि. सौ. नकोशीस आशीर्वाद. वि. वि.

आज मन थाऱ्यावर नाही, तरी लिहिते. तू बांधलेल्या गुट्या काल उघडल्या. तीनशेपैकी चाळीसांना मुळ्या. बाकी सगळ्या कोरड्या. किती वेळा दाखवलं होतं तुला, फांदीची बोटभर साल गोल काढायची आणि खालचा हिरवा पापुद्रा खरवडून टाकायचा, मगच ओलं शेवाळ लावून प्लास्टिक बांधायचं. तू पापुद्रा ठेवलास, साल परत जुळून आली, मुळ्या फुटणार कुठून? झाडाला दुखेल म्हणून हात हलका ठेवला असं तू दादासोंना म्हणाली होतीस म्हणे. अगं, मेंढराला इंजेक्शन देताना डोळे मिटणारी तू, तशीच राहिलीस.

ते दहा दिवस मी घरात मशीनवर बसून गणवेश शिवत होते. सावडीला आलेल्या बाईला रानातून उठवून घरात शिवायला बसवायचं म्हणजे तिचा अपमान, आणि शिवणाचा दिवस सावडीत कोण धरतं? म्हणून बोलले नाही. पुढे मी एकटीनं रेटून बांधल्या तरी गाडी सातशेवर अडकली. रोपवाटिकेच्या मालकांना दीड हजारांचा शब्द दिला होता. ते नुसते हसले. त्या हसण्यानं मला झोप नाही. आजवर माझा शब्द कधी खाली पडला नव्हता.

आता सावड-बिवड पुरे. तुला हे जमायचं नाही. माझ्या सातशेतली दोनशे कलमं मी शनिवारी दुधाच्या टेम्पोनं पाठवते, गुपचूप लावून टाक.

कळावे,
मनिषा

* * *

मु. पो. कोऱ्हाळे बुद्रुक
ता. २ सप्टेंबर १९९६

(ती. अक्का, तात्यांनी सांगितलं आणि मी जसंच्या तसं उतरवलं. वाचून दाखव म्हणतात आणि एक शब्द बदलला तरी पकडतात. — वैष्णवी)

मनिषाला तात्याबाचा आशीर्वाद. आमी हितं बरं हाय. गुडघं दुखत्यात, त्येचं काय न्हाय.

तू धाडलेली कलमं नकोशीनं टेम्पोतनं उतरून घेतली न्हाईत, तशीच माघारी लावली, हे तुला म्हाईत हाय. तुला म्हाईत न्हाय ते सांगतो. तिनं जावई रविराजला दोनशे खड्डं बुजवाय लावलं. ऐंशी बुजवून झालं तवा मी तितं पोचलो आन् थांबवलं. पोरगी खोरं घिऊन उभी व्हती नुसती. दुसरी बी पोरगीच झाली म्हून नाव आसं ठिवलं, त्यो गुन्हा माजा. पन तुज्या कागदानं तिला तेच नाव पुन्यांदा ठिवलं.

आता ध्यान दिऊन ऐक. मी आन् माजा जोडीदार गेणबा बारा वर्सं कोकनात मेंढरं घिऊन गेलो. कातरणीत मी दिसाला तीस मेंढरं कातरायचो, गेणबा वीस. चारणीत तर त्येचं नाव नगं. त्येच्या मागं कळप दिला की सांजंला दोन कोकरं कमीच. म्हंजी दोनीत मीच सरस. तरी कातरणी समदी गेणबाची आन् चारणी माजी. लोकं म्हनायची, तात्याबा, तुजा हात त्येच्यापेक्षा झरझर चालतुया, मग लोकरीतला वाटा त्येला का? मी म्हनायचो, मी एक दीस कातरीत बसलो तर दोन कोकरं लांडग्याची. गेणबा बसला तर माजं काय जातंय? दहा मेंढरं उद्या व्हतील.

तुला काय करता येतं हे कुनी इचारलं न्हाय, मनिषा. तुला समदं येतं, बापाला गर्व हाय. पन ते करताना काय हातचं सुटतं, ते इचार. तू चार सदरं शिवलंस त्या दिशी तुज्या दीडशे गुट्या गेल्या. म्हंजी तुजा एक सदरा जवळजवळ चाळीस कलमांना पडला. नकोशीनं तीच कात्री धरली तर? दिसाला दोन शिवती ती. आन् गुटीत तिच्या दिसाला चारच जगल्या. तिचा सदरा दोन कलमांना पडला. आता सांग, सदरा कुनाकडं सोस्त?

तुमी दोगींनी काय केलंत? चारनाऱ्याला कातरी दिली, कातरनाऱ्याला कळप. आन् वर रीतीचं नाव केलंत. सावड खुरपनीला खुरपनी व्हती, कारन आमाला खुरपनीच यायची समद्यांस्नी. रीत मानसानं केली, मानसानं वळवावी.

मशीन मी तुला लग्नात दिलं. एक वर्साची लोकर त्येच्यात गेली. पुढचं तुज्या अकलेवर.

तात्याबा

* * *

इंदापूर
ता. १० सप्टेंबर १९९६

माझ्या लाडक्या नकूस, तुझ्या चुकलेल्या अक्काचा नमस्कार. हो, नमस्कारच. वि. वि.

तात्यांचं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा लाज वाटली, तिसऱ्यांदा दादासोंना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले हेच मी जूनपासून सांगतोय. त्यांना म्हटलं, तुम्ही डगरी-डगरी करत होतात, कोकरांचा हिशेब तात्यांनीच घातला.

नकू, मी तुला जे लिहिलं ते लिहायला नको होतं. मला शब्द पडल्याचं दुःख होतं आणि ते मी तुझ्या पदरात टाकलं. खरं सांगू? शिवण मलाच सोडवत नव्हतं. गावातून जाताना चाळीस पोरं माझ्या हातचे कपडे घालून शाळेत जाताना दिसतात, ते बघायला मला फार आवडतं. मला दोन्हीकडून वाहवा हवी होती. तुला बोलावून मशीनवर बसवलं असतं तर अर्धी वाहवा तुझी झाली असती, हे मनाच्या तळाशी होतं. सावडीची रीत मी त्याला आयती पुढे केली.

आता मागते आहे, देत नाही. पुढच्या जूनला चाळीस गणवेश आहेत आणि मला दोन हजार गुट्या बांधून रोपवाटिकेत तोंड दाखवायचं आहे. तू शिवलेस तरच ते होईल. मला दुसरी टेलर मिळेल, पण टेलरला माझी कलमं नको असतात, रोख पैसे हवे असतात, तेही हंगामाच्या तोंडावर. मशीन आपल्या तात्यांचं आहे, ते दादासो येत्या रविवारी तुझ्या दारात आणतील. एका गणवेशाला दहा कलमं देईन. गुरुजींशी बोलले आहे. तयार असशील तर कळव, नसशील तरी कळव. गप्प मात्र राहू नकोस, तुझं गप्प राहणं मला सोसत नाही.

तुझी,
अक्का

* * *

सुपे
ता. २४ सप्टेंबर १९९६

ती. सौ. अक्कास धाकटीचा नमस्कार. वि. वि.

मशीन पोचलं. पायाच्या चाकाचा पट्टा सैल होता, घट्ट करून घेतला. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मग मला विचारलं की हे आलं कशाबद्दल. मी सांगितलं, अक्काला माझी गरज आहे. त्यांनी मशीनसाठी जागा झाडून दिली.

दहा कलमं मला मान्य नाहीत. दहा म्हणजे पाच कामाची आणि पाच दयेची. पाचच. चाळीस गणवेशांची दोनशे होतात आणि खड्डेही दोनशेच आहेत. तात्यांच्या हिशेबानं मला एक गणवेश दोन कलमांना पडतो आणि तुला चाळीसांना. पाचात आपण दोघीही हसतो. बाजारात गिऱ्हाइकानं भाव वाढवावा आणि विकणारीनं पाडावा असं सुप्याच्या आठवडे बाजारातही कुणी बघितलं नसेल, म्हणून आमचे हे हसले खूप.

बुजवलेले ऐंशी खड्डे त्यांनी पुन्हा उकरायला घेतलेत. म्हणतात, ऊसतोड लागली की सोमेश्वरनगरला ट्रॅक्टरवर जायचं आहे, त्याआधी संपवतो.

तुझ्या कागदातलं एक वाक्य मी फाडून पोथीत ठेवलंय. कुठलं ते सांगणार नाही. लोभ उणा न व्हावा.

तुझी,
नकोशी

* * *

सुपे
ता. ५ ऑगस्ट १९९७

ती. सौ. अक्कास नकोशीचा ताठ मानेनं नमस्कार. वि. वि.

कलमं परवा दुपारी टेम्पोनं आली. सगळी टवटवीत. काल सकाळी लावायला घेतली आणि तिसऱ्या प्रहरी संपली. सासूबाई स्वतः पाणी घालत होत्या. शेजारीण विचारायला आली की एवढी रोपं कुठून, तर मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, आमच्या सुनंनं शिवून मिळवली. मी तोंडावर पदर धरून विहिरीकडे गेले. तिथं थोडं रडले. तुला खोटं कशाला सांगू.

तुझ्या दोन हजार शंभर गुट्यांचं वैष्णवी वहिनीनं कळवलं. मालक यंदा स्वतः मळ्यात येऊन गेले म्हणे, आणि पुढच्या वर्षाचा शब्द मागून घेतला. मी पहिल्यांदा तुझ्या कौतुकात स्वतःचा वाटा मोजला. या गणवेशांच्या वीस दिवसांत मी रानात बसले असते तर जेमतेम ऐंशी कलमं जगवली असती, तीही नशीब असेल तर. इथे दोनशे उभी आहेत. आणि शिवणात मी अजूनही तुझ्याहून हळूच आहे. गुरुजींनी दोन सदऱ्यांच्या कॉलरी परत पाठवल्या होत्या, उसवून नव्यानं लावल्या. पुढच्या वर्षी एकही परत येणार नाही. सुप्याच्या शाळेचेही पंचवीस गणवेश माझ्याकडे आलेत, पण आधी तुझे, मग त्यांचे.

आता एक तक्रार. खड्डे संपले आणि हातात पाच कलमं उरली. मी पुन्हा मोजली, ह्यांनाही मोजायला लावली. अक्का, तू दोनशे पाच पाठवलीस. मोजायला चुकणारी तू नव्हेस, दोन हजार मोजणारी बाई पाच चुकत नाही. पाच कलमं म्हणजे एक गणवेश, असं ठरलं होतं आपलं. मी ती बांधावर लावली आणि रात्री मशीनवर बसले.

सोबत पुडक्यात पोलकं पाठवत आहे. माप कुणाला विचारलं नाही, लहानपणापासून तुझे कपडे घालत आले, अंदाज आहे. गावभर शिवलंस तू इतकी वर्षं, आणि स्वतःच्या अंगात तेच बाहीला ठिगळ लावलेलं निळं. उद्या रोपवाटिकेत जाशील तेव्हा हे घालून जा. कुणी विचारलं कुठलं शिवण, तर सांग, सुप्याला माझी बहीण असते, तिचं.

तुझी,
नकोशी