भांडणानंतरची भूक

हेमंत,

मी मनमाडला ताईकडे चाललेय. काल पाहुण्यांसमोर तू माझ्या ताटातली पोळी उचललीस आणि म्हणालास, "बास आता, दारातून मावणार नाहीस." वर स्वतःच हसलास.

आज पंचवटीतल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनी आधी वजन नाही, घरचं विचारलं. मी म्हटलं, "रोज भांडण होतं." त्या म्हणाल्या, "रोजच्या ताणाने भुकेची हार्मोन्स बिघडतात. मग पोट भरलं तरी खावंसं वाटतं." तुझ्या जिभेवरही औषध मागणार होते, पण तेवढं शास्त्र अजून पुढे गेलेलं नाही.

भात कुकरमध्ये आहे. आमटी तुझी तू कर, अक्कल पुरली तर.

मला न्यायला येऊ नकोस. तिथे मी सुखाने जेवते.

मंजुषा