ॲमेझॉनमधला श्रावणी सोमवार

१२ जुलै २००८, बॉबलिंगेन, जर्मनी
लेकीने, ऊर्जाने, ही वही दिली. म्हणाली, मामा (इथे आईला मामा म्हणतात), ट्रिपचं सगळं लिही. जर्मनमध्ये म्हणाली. पोटची पोर माझ्याशी मराठी बोलत नाही, मग मी तिच्या वहीत जर्मन लिहिणार नाही. फिट्टंफाट.

ब्राझीलला जायचं पक्कं. इथल्या मैत्रिणी मीनल, शैला आणि मी. दोघी शिकलेल्या. मीनल सॉफ्टवेअरमध्ये, शैला लॅबमध्ये. म्हणजे व्यवहाराला कोणीतरी हवंच. ती मी. सातवीनंतर शाळा नाही, पण मला कोणी फसवलेलं नाही.

मीनलच्या फ्रिजवर गुलाबी डॉल्फिनचा फोटो आहे. ॲमेझॉनच्या नदीत असतात म्हणे. चहाला दूध काढताना बाई रोज त्याच्याकडे बघते. लग्नाच्या आधीपासून बघायचेत तिला. माशासाठी एवढं लांब जायचं! पण मी काही बोलले नाही. एकदाच बोलले. दोनदा.

हे विचारत होते, त्या दोघींनी तुला बोलावलं की तूच येते म्हणून सांगितलंस. मी शेव पाडत राहिले.

ठरवलंय: कोणावर खेकसायचं नाही. ह्यांना फोन करायचा नाही. श्रावणी सोमवार मोडायचा नाही.

२४ जुलै
पिवळ्या तापाची सुई. डॉक्टरला दंडावरचा देवीचा व्रण दाखवला, म्हटलं आमचं टोचून झालंय. तो या, या म्हणाला, म्हणजे जर्मनमध्ये हो, हो, आणि टोचलं. रडले नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

५ ऑगस्ट
बॅग भरली. साबुदाणा, वरीचे तांदूळ, दाण्याचं कूट, मिरच्या, बटाटे. शैला बघायला आली. म्हणाली, मालिनीताई, बटाटे तरी काढा, तिकडचे लोक बटाटेच खातात. काढले. ती गेल्यावर परत घातले. खाण्याचं खातं माझ्याकडे आहे. असं कोणी म्हटलेलं नाही, पण कोणीतरी घ्यायला हवं.

८ ऑगस्ट, साओ पावलो, एअरपोर्ट
कस्टमच्या साहेबाने बॅग उघडून सगळं टेबलावर मांडलं. लग्नात रुखवत मांडतात तसं. साबुदाण्याची पिशवी हातात घेऊन हसला. दुसऱ्याला बोलावलं. तोही हसला. शैला म्हणाली, ताई, तो म्हणतोय हे तर इथलंच. इथल्या मुळापासूनच करतात, तुम्ही ते पुण्याहून जर्मनीला आणि जर्मनीहून परत इथे आणलंत. शैलाला शिकलेलं दिसायची हौस आहे. साबुदाणा आपला आहे. उपास ह्या लोकांचे आहेत का?

हसून झाल्यावर सगळं ठेवून घेतलं. बटाटेसुद्धा.

९ ऑगस्ट, रिओ
ह्यांना फोन केला. हा धरायचा नाही. गॅस बंद आहे का विचारायला केला. आमच्याकडे विजेची शेगडी आहे, तरी विचारलेलं बरं.

समुद्रावर गेलो. बायकांच्या अंगावर दोऱ्या. मी पदर घट्ट खोचून बसले. दोन मुलींनी येऊन माझ्याबरोबर फोटो काढला. व्यवस्थित कपडे केलेली बाई त्यांनी पहिल्यांदा बघितली असणार.

११ ऑगस्ट, रिओ
सोमवार. केळी आणि शेंगदाण्यांवर आहे. डोंगरावरचा तो मोठा पुतळा बघायला जायचं होतं. मीनल नकाशा काढत होती. म्हटलं, ठेव तो. डोंगर दिसतोय, पुतळा दिसतोय, नकाशा कशाला? बसमध्ये मी बसवलं. चुकलो नाही. लांबून गेलो. पोचलो तेव्हा पुतळा ढगात गेला होता. त्याचे पाय बघितले. मी म्हटलं, देवाचे पायच बघायचे असतात. मीनल माझ्याकडे न बघता म्हणाली, गेनाऊ. जर्मन शिकल्यामुळे आली ती सवय. पटलं की म्हणते.

१५ ऑगस्ट, मानाउस
जंगल इथून सुरू होतं. उकाडा असा की भात न शिजवता शिजेल. गावात भलंमोठं थिएटर आहे. आत जाऊ म्हणाल्या. खुर्च्यांना मखमल होती, मी जरा टेकले. उठवलं तेव्हा बाहेर पडायची वेळ झालेली. शैला म्हणाली, ताई, तुम्ही घोरत होतात. मी घोरत नाही. ह्यांना फोन करून विचारलं. हे गप्प बसले, म्हणजे नाहीच.

१७ ऑगस्ट, जंगल
नदीकाठी लाकडी खोल्या. स्वयंपाक करणारी सेलियाबाई. भाषा कळत नाही, पण बाई बाईला कळते. मी तिला भाकरी थापून दाखवली. तिने लगेच पांढऱ्या पिठाची थापली, माझ्यापेक्षा पातळ. हात लवकर बसला तिचा. शिकवणारी चांगली होती.

उद्या दुपारी डॉल्फिन. होडी एकच, चालवणारा एकच, परवा आम्ही निघणार. मीनल आत्तापासून कॅमेरा पुसतेय. रात्री झोपेत हसत होती.

१८ ऑगस्ट, सोमवार, सकाळ
सेलियाबाईने लांबडी मुळं आणली. साल तपकिरी, आत पांढरी. शैला म्हणाली, ताई, हेच ते. तुमचा साबुदाणा. चला, म्हणजे उपासाला चालतं. पण जे पातेलं काढलं त्यात काल मासे शिजलेले. दुसरं दाखवलं, त्यातही मासेच. म्हटलं, राहू दे. कच्चंच खाते. रताळं नाही का खात आपण कच्चं?

सेलियाबाई दोन्ही हात हलवून नको नको करायला लागली. पाहुणीला कच्चं द्यायला लाजत असणार. मग गळ्यावरून हात फिरवून काहीतरी दाखवलं. मंगळसूत्र आवडलेलं दिसतंय.

सोलून खाल्लं. कडू आहे. उपासाचं गोडच लागावं असा नियम नाही.

दुपार
पोट जरा. उन्हाने.

जरा नाही.

२० ऑगस्ट, मानाउस
आता बरी आहे. डॉल्फिनकडे जायची ती होडी मला घेऊन दवाखान्यात गेली. शैला औषध शोधत होती. मीनल माझ्या मागे बसून माझी वेणी धरून होती, तिचं तोंड माझ्या पाठीला टेकलेलं. मी काठावरून वाकून ओकत होते तर पाण्यातून गुलाबी काहीतरी वर आलं. मग आणखी एक. म्हशीच्या पारडाएवढे. माझ्याकडे बघितलं आणि खाली गेले. सांगणार होते, पण तोंड रिकामं नव्हतं.

डॉक्टर म्हणाला, ते मूळ कच्चं म्हणजे विष. थोडंच खाल्लं म्हणून वाचलात. मी कमीच खाते, हे मी किती वेळा सांगते.

आज मीनलला सांगितलं, तेवढंच तिला बरं वाटेल म्हणून. म्हटलं, मी बघितले गं, तुझ्या फोटोत आहेत तसेच दिसतात, तू बघितले नाहीस तरी काही बिघडलं नाही. ती उठून बाहेर गेली. हवा खायला.

२२ ऑगस्ट, विमान
मीनलने जागा बदलून घेतली. पाय लांब करायला असणार. शैलानेही घेतली. तिचे पाय आखूड आहेत.

२३ ऑगस्ट, बॉबलिंगेन
घरी. हे म्हणाले, बॅग खाली तळघरात, केलरमध्ये ठेवतो. म्हटलं, दारातच राहू दे. पुढच्या वर्षी लागणार. आम्हा तिघींचं छान जमतं.

मीनल फोन उचलत नाही. थकलीय.

२५ ऑगस्ट, सोमवार
श्टुटगार्टहून साबुदाणा आणवला. दोघींना खिचडीला बोलावलं. शैला म्हणाली, मीनलला काम आहे. मीनलला निरोप ठेवला तर तिचा मेसेज आला, शैलाला काम आहे.

हे पहिल्या पाळीवरून आले. थोडा वेळ बूट काढत बसले. म्हणाले, बेकरीत शैला भेटली होती. पुढच्या ऑगस्टला दोघी परत जाणार आहेत. डॉल्फिन बघायला. मीनलने तिकिटंसुद्धा काढली.

म्हटलं, हो, मला माहीत आहे. सांगितलंय मला. श्रावणात मला जमत नाही, मीच नाही म्हटलं.

हे उठले. हात धुऊन ताटावर बसले. खिचडी तिघींची केली होती. ह्यांना साबुदाण्याने पित्त होतं. तरी घेतली. परत घेतली. पातेलं रिकामं झालं तेव्हा म्हणाले, छान झाली होती. मीठ घालायचं राहिलं होतं, ते मला आत्ता भांडी घासताना मिठाची वाटी तशीच भरलेली दिसली तेव्हा कळलं.

बॅग केलरमध्ये ठेवून आले. जिन्यात ह्यांनी बॅगेचा दुसरा बंद धरला होता.